खोट्या बदकाची शाळा

मुलांनो, तुमच्या घरी किंवा शेजारी लॅब्रॅडॉर कुत्रा आहे का? असेल, तर एक गंमत तुम्ही नक्की पाहिली असेल. बेल वाजते, पाहुणे आत येतात आणि हा पठ्ठ्या धावत जाऊन तोंडात काहीतरी घेऊनच परत येतो. कधी बाबांचा मोजा, कधी सोफ्यावरची उशी, तर कधी पाहुण्यांचीच चप्पल! घरात एकच आरडाओरडा होतो. पण ती चप्पल एकदा नीट निरखून बघा. लाळेनं ओली झालेली असते खरी, पण मोठ्या, वळण लागलेल्या लॅब्रॅडॉरनं आणली असेल तर तिच्यावर दाताची एक खूणही नसते. (पिल्लाची गोष्ट वेगळी. पिल्लू चप्पल खातंच, तिथे कुणाचाच इलाज चालत नाही.)

एवढा मोठा जबडा, एवढे दात आणि चप्पल मात्र शाबूत! असं कसं?

त्यासाठी नकाशाचं पुस्तक उघडा. कॅनडाच्या पूर्व टोकाला अटलांटिक महासागरात न्यूफाउंडलंड नावाचं मोठं बेट दिसेल. तिथल्या कोळ्यांकडे पूर्वी आखूड केसांचे, काळे, पाण्याला न घाबरणारे कुत्रे असत. गळातून निसटलेला मासा धरायचा, पाण्यात पडलेलं दोराचं टोक ओढत आणायचं, ही त्यांची कामं. तिथून खारवलेले मासे घेऊन जहाजं इंग्लंडच्या 'पूल' नावाच्या बंदरात येत. (आपला नदीवरचा पूल नव्हे, गावाचंच नाव ते!) एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या जहाजांबरोबर ते कुत्रेही इंग्लंडात आले, आणि तिथल्या शिकारी उमरावांना त्यांचं पोहणं फार आवडलं. त्यांच्यापासून आजचा लॅब्रॅडॉर तयार झाला. १९०३ मध्ये इंग्लंडच्या केनेल क्लबनं त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. त्याचा सोनेरी भाऊ गोल्डन रिट्रीव्हर स्कॉटलंडचा. १८६८ मध्ये तिथे 'नूस' नावाचा पिवळा कुत्रा आणि 'बेल' नावाची पाणकुत्री यांना पिल्लं झाली, तिथून त्याचं घराणं सुरू झालं.

'रिट्रीव्ह' म्हणजे परत आणणं. काय परत आणायचं? तर बंदुकीनं पाडलेलं बदक. ते पडतं थंडगार तळ्याच्या मधोमध, नाहीतर पाणकणसांच्या दाट बेटात. माणूस तिथे पोहोचत नाही, कुत्रा पोहोचतो. आणि ते बदक त्यानं न चावता, न चिरडता आणून मालकाच्या हातात द्यायचं असतं.

हे मी माझ्या वर्गात सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "बाई, पण मग बदक मेलंच ना?" हो, मेलं. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं अशी शिकार म्हणजे गुन्हा आहे आणि ते मला योग्यच वाटतं. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा या देशांत ती ठरावीक हंगामात, कायद्याच्या चौकटीत राहून करता येते. मात्र एक गोष्ट समजून घ्या. गोळी लागलेलं प्रत्येक बदक जागीच मरत नाही. काही जखमी होऊन झुडपात दडतात आणि तिथे तासन्‌तास तडफडत राहतात. चांगला कुत्रा असं बदक शोधून काढतो आणि त्याचे हाल लवकर संपतात. शिकार बरी की वाईट हा वाद बाजूला ठेवला, तरी कुत्र्याचं काम मात्र दयेचं आहे, असं म्हणावं लागतं.

आता हे काम पिल्लाला शिकवायचं कसं? खरं बदक देऊन? छे! जखमी बदक पंखांचा असा फटका मारतं की पिल्लू जन्माचं घाबरायचं. आणि मेलेलं बदक दिलं तर? पिल्लू पिसं उपटत बसेल, चावून बघेल, चव लागली की संपलंच. म्हणून शिकवणी सुरू होते ती खोट्या बदकापासून. इंग्लंडमध्ये त्याला 'डमी' म्हणतात आणि अमेरिकेत 'बंपर'. बंपर हे नाव बोटींवरून आलं. भाऊच्या धक्क्यावर लाँचच्या कडेला जुने टायर लोंबकळताना पाहिलेत ना? धक्क्याला घासून बोट खराब होऊ नये म्हणून ते असतात. तिकडे त्याच कामासाठी कॅनव्हासचे, रबराचे लांबोडे तक्के लावत. त्यातलाच एखादा कुणीतरी कुत्र्यासाठी पाण्यात फेकला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

दिसायला डमी अगदीच साधी असते. सुमारे एक फूट लांबीची कॅनव्हासची वळकटी, आत सावरीच्या कापसासारखं काहीतरी हलकं, पाण्यावर तरंगणारं भरण आणि फेकण्यासाठी एका टोकाला दोरी. ना चोच, ना पंख. दुकानात मात्र ती इतक्या प्रकारांची मिळते की नवा माणूस गोंधळून जातो. आणि निवडताना चुकला, तर त्याची शिक्षा कुत्र्याला होते. ती कशी, ते सांगते.

पहिली गोष्ट वजनाची. तुम्ही लिहायला शिकलात तेव्हा पहिल्याच दिवशी एकरेघी वही मिळाली होती का? आधी पाटी, मग चाररेघी, मग दुरेघी, आणि एकरेघी त्यानंतर. डमीचंही तसंच आहे. अगदी लहान पिल्लाला गाठ मारलेला मोजा पुरतो. मग पिल्लांची छोटी डमी, साधारण सव्वादोनशे ग्रॅमची. कुत्रा वाढला की नेहमीची डमी, सुमारे साडेचारशे ग्रॅमची. खऱ्या पक्ष्यांचं वजन पाहिलंत तर पुढची चढण लक्षात येईल. 'चक्रांग' नावाचं छोटं बदक असतं सुमारे तीनशे ग्रॅमचं, हिरव्या डोक्याचं मॅलार्ड बदक किलो-सव्वा किलोचं, आणि कॅनडा हंस तीन किलोपासून पाच-सहा किलोंपर्यंत! म्हणून मोठ्या कुत्र्यांसाठी किलोभराच्या आणि त्याहूनही जड डम्या असतात.

घाई केली तर काय होतं? जड डमी पिल्लाला मध्यावर पेलत नाही, मग ते टोकाला धरतं. दुसरं टोक खाली लोंबतं, पायात येतं, पिल्लू अडखळतं, डमी खाली टाकतं, पुन्हा उचलतं, पुन्हा टाकतं. चार दिवसांत त्याला वाटू लागतं की वस्तू वाटेत टाकायचीच असते! वस्तू बरोबर मध्यावर धरायची सवय सुरुवातीलाच लागावी लागते. ती मोडलेल्या कुत्र्यांसाठी डंबेलसारखी, दोन्ही टोकांना जड आणि मध्ये बारीक अशी डमी असते. ती मध्यावर धरली तरच सोपी जाते.

दुसरी गोष्ट मऊ-कठीणपणाची, आणि सगळ्यात महत्त्वाची हीच. रिट्रीव्हरच्या जमातीत 'मऊ तोंड' हा सर्वांत मोठा गुण मानतात. ब्रिटनमध्ये या कुत्र्यांच्या स्पर्धा होतात तेव्हा परीक्षक कुत्र्यानं आणलेला पक्षी हातात घेतात आणि अंगठा व बोटांनी त्याच्या बरगड्या चाचपतात. कुत्र्यानं दाबून बरगड्या मोडल्या असतील, तर तो स्पर्धेतून बाद! मग तो कितीही वेगानं पोहलेला असो. 'कठीण तोंड' एकदा पडलं की सुधारणं फार अवघड, असं जुने शिक्षक सांगतात.

आता विचार करा. डमी अगदी भुसभुशीत उशीसारखी असेल तर पिल्लू ती दाबून दाबून बघणार. आत दाबल्यावर 'चूं चूं' वाजणारी शिट्टी असेल तर आणखीच पंचाईत, कारण दाबलं की बक्षीस म्हणून आवाज मिळतो. म्हणजे आपण त्याला दाबायलाच शिकवलं की! आणि डमी दगडासारखी कडक असेल तर पिल्लू ती तोंडात धरायलाच नाराज. त्यातून साधारण चार ते सहा-सात महिन्यांच्या दरम्यान पिल्लाचे दुधाचे दात पडून नवे येत असतात. हिरड्या दुखत असतात. त्या दिवसांत कडक डमी फेकली आणि ते नको म्हणालं, तर तो हट्टीपणा नव्हे. तुमचा दात हलत असताना तुम्ही चिक्की खाता का?

कॅनव्हासची डमी मऊ असते, म्हणून पिल्लांना चांगली. पण ती पाणी पिते, जड होते, वाळायला वेळ लावते आणि ओलीच पिशवीत राहिली तर तिच्यावर बुरशी येते. प्लॅस्टिकची डमी धुवायला सोपी, पाणी पीत नाही. तिच्या अंगावर बारीक उंचवटे असतात, त्यामुळे ती ओली असली तरी न दाबता पकडता येते. काहींमध्ये हवा कमी-जास्त करायची सोयही असते. जाडीही दोन प्रकारची, दोन इंच आणि तीन इंच. लहान तोंडाला बारीक डमी. मोठ्या कुत्र्याला जाड, कारण खऱ्या बदकासाठी जबडा तेवढाच उघडावा लागतो. मला विचाराल तर पिल्लाला कॅनव्हास आणि पाण्यातल्या रोजच्या सरावाला प्लॅस्टिक, अशी वाटणी पटते.

आता रंग. नवीन माणूस हमखास फसतो तो इथेच.

दुकानात पांढरी, काळी, नारिंगी अशा डम्या मांडलेल्या आहेत. तुम्ही कोणती घ्याल? बहुतेक जण नारिंगी उचलतात. हिरव्या गवतात कशी झळकते! नवा मालकही तेच करतो. मैदानात जातो, डमी लांब फेकतो. कुत्रा धावतो, डमीच्या शेजारून पुढे जातो, गोल फिरतो, परत येतो. मालक ओरडतो, "अरे, समोर तर आहे! आंधळा आहेस का?"

खरं सांगायचं तर, जवळजवळ तसंच आहे. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, कुत्र्याच्या डोळ्यात दोनच. अमेरिकेत जे नाइट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर काळजीपूर्वक चाचण्या घेतल्या आणि १९८९ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कुत्र्याला निळा आणि पिवळा यांतला फरक छान कळतो. पण लाल, नारिंगी, हिरवा हे रंग त्याला एकमेकांसारखेच, पिवळट-मातकट दिसतात. म्हणजे आपल्याला झळकणारी नारिंगी डमी त्याच्या लेखी गवताच्याच रंगाची! बिचारा काय करील? चूक निवडणाऱ्याची आणि ओरडा खातो कुत्रा. असं चार-पाच वेळा झालं की त्याचा उत्साह मावळतो आणि मालक म्हणतो, "आमचा कुत्रा मठ्ठ आहे हो!" वर्गात फळ्यावरचं न दिसणाऱ्या मुलाला आपण कधी कधी असंच बोलतो आणि चष्मा लागल्यावर ते मूल पुढे निघून जातं. पालकहो, हे मी जरा तुमच्याकडे बघून लिहिते आहे.

म्हणून सुरुवात पांढऱ्या डमीनं करतात. गवतावर, मातीवर, गडद पाण्यावर ती कुत्र्याला दिसते. पण डमी हवेत असताना मागे उजळ आकाश असेल तर पांढरी हरवते आणि काळी उठून दिसते. म्हणून कुणीतरी युक्ती काढली, अर्धी काळी आणि अर्धी पांढरी डमी! वर आकाश असो वा खाली जमीन, एक बाजू तरी दिसतेच. मग नारिंगी डमी कशाला? तर वरच्या वर्गासाठी. ती आधीच गुपचूप गवतात ठेवतात. कुत्र्यानं ती पडताना पाहिलेली नसते, आणि तशी डोळ्यांना दिसतही नाही. तेव्हा त्याला मालकाची शिट्टी ऐकावी लागते, हाताची खूण पाहावी लागते, नाक वापरावं लागतं. शिकवणाऱ्याला मात्र डमी कुठे आहे ते लांबूनही दिसत राहतं. तीच नारिंगी डमी, पण पहिलीत चुकीची आणि चौथीत अगदी बरोबर.

पाण्यावर डमी कशी तरंगते, हेही पाहावं लागतं. काठावर उभं राहून पाहू नका. पोहणाऱ्या कुत्र्याचे डोळे पाण्याच्या पातळीपेक्षा जेमतेम चार बोटं वर असतात. जुनी, पाणी प्यायलेली डमी अर्धीअधिक बुडून राहिली की एवढ्याशा लाटेमागेही ती दडते. कुत्रा गोल गोल पोहत राहतो, दमतो आणि रिकामा परततो. एकदा त्याला वाटलं की पाण्यात गेलं तरी काही मिळत नाही, की पुढच्या वेळी तो काठावरच विचार करत उभा राहतो.

एवढं सगळं झाल्यावर मग येते ती बदकासारखी दिसणारी डमी. मुलांना तीच आधी हवी असते, पण तिचा नंबर शेवटी! अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातले टॉम डॉकन हे कुत्र्यांचे शिक्षक अशा डमीसाठी प्रसिद्ध आहेत. तिचं अंग मऊ फोमचं, पण डोकं कडक प्लॅस्टिकचं आणि दोरीनं सैल लोंबणारं, खऱ्या मेलेल्या बदकाच्या मानेसारखं. यात खुबी आहे बरं का! काही कुत्र्यांना वस्तू तोंडात धरून गदागदा हलवायची खोड असते. या डमीला हलवलं की डोकं गरकन फिरून त्याच्याच थोबाडावर टपली मारतं. नीट मध्यावर धरून शांत चाललं, तर काहीच होत नाही. कुणी रागवायला नको, मारायला नको, डमीच शिकवते. छोटं चक्रांग, मॅलार्ड, हंस अशा वेगवेगळ्या मापांत ती मिळते. तिला बदकाचा वास लावतात. काही जण साध्या डमीलाच बदकाचा पंख बांधतात. त्यानंतर एखादं गार केलेलं मेलेलं बदक, आणि मग खरं काम.

आता तर गंमत अशी झाली आहे की ब्रिटनमध्ये बंदूक, पक्षी यांच्याशी काहीही संबंध नसलेले लोकही या खेळात उतरतात. तिथल्या 'वर्किंग टेस्ट' नावाच्या स्पर्धांत फक्त डम्या फेकल्या जातात, एकही पक्षी मारला जात नाही. खोटं बदक आणताना कुत्र्याला होणारा आनंद मात्र खराच असतो. आपल्याला इथे तेवढंच हवं आहे.

कारण आपल्या पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधल्या लॅब्रॅडॉरच्या रक्तातही तेच आणून देण्याचं वेड आहे. आपण त्याच्यापुढे काय फेकतो? दगड, काठी, नाहीतर टेनिसचा चेंडू. दगडानं दात तुटतात. काठीचा काटा किंवा टोक टाळूत, घशात घुसतं, मग जनावरांच्या डॉक्टरांकडे धाव. चेंडू छोटा असेल तर घशात अडकू शकतो, आणि त्याच्या लवेत बसलेली माती कानशीसारखी दात झिजवते. त्यापेक्षा घरीच डमी करा. फिक्या निळ्या रंगाच्या जुन्या जीन्सचा पाय एक वीतभर किंवा थोडा जास्त कापा, आत चिंध्या गच्च भरा आणि दोन्ही तोंडं आईबाबांच्या किंवा आजीच्या मदतीनं दुहेरी शिवा. बटणं, चेन, रिबिट आधी काढून टाका. रद्दीवाल्याच्या काट्यावर वजन करून बघा, दोन-अडीचशे ग्रॅम पुष्कळ झालं. निळा रंग गवतावर त्याला छान दिसेल, हे आता तुम्हाला ठाऊक आहेच. ही डमी जमिनीवरचीच, पाण्यात ती बुडेल.

आणि पाण्याचं म्हणाल तर, हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरसारख्या ठिकाणी पाहुणे पक्षी उतरलेले असतात. तिथे आपला कुत्रा मुळीच सोडायचा नाही. नांदूर मध्यमेश्वरला तर रामसर स्थळाचा मान मिळाल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रात पहिला.

खेळताना तीन-चार वेळाच फेका आणि त्याला अजून हवं असतानाच थांबा. डमी त्याच्याजवळ खेळणं म्हणून ठेवू नका, खेळ संपला की कपाटात. दोन टोकं धरून रस्सीखेच तर बिलकूल नको, कारण ओढलं की तो घट्ट चावणारच. तो परत आला की झडप घालून हिसकावू नका. खाली बसा, हनुवटीखाली हात धरा, "दे" म्हणा आणि वाट बघा. पहिल्या दिवशी वेळ लागेल.

दोन-तीन आठवड्यांनी ती डमी हातात घ्या आणि त्या परीक्षकांसारखी अंगठ्यानं व बोटांनी चाचपून बघा. कापडाला भोकं पडली आहेत का? शिवण उसवली आहे का? सगळं शाबूत असेल तर पुढची डमी थोडी जड करा. उसवली असेल तर त्याच्यावर रागावू नका. आधी पुन्हा मोजा द्या आणि तिथून परत सुरू करा.